गुलाबरावांचा अल्सर

निकमांच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं, की समजावं कुणाचं तरी काही खरं नाही. मागे असं एकमत झालं होतं ते मारुतरावांच्या वाट्याचा गुडगावातला प्लॉट 'तात्पुरता' पुतण्याच्या, म्हणजे जयेशच्या नावावर करायचं ठरलं तेव्हा. त्या प्लॉटवर आता जयेशची कोठी उभी होती आणि तात्पुरता हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. त्यानंतर पुन्हा एकमत झालं ते थेट या थंडीत, आणि ते थोरल्या गुलाबरावांच्या पोटाबद्दल होतं. गुलाबरावांना अल्सर होता. त्यात वाद नव्हता.

असा अल्सर अख्ख्या हरियाणात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. त्याच्यासाठी दुर्बिणीनं तपासणी झाली, तुकडा काढून तपासायला गेला, आणि निकाल सांगायला डॉक्टर खोलीत येऊ लागले तसं त्यांच्या मुलानं, जयेशनं, त्यांना दारातूनच बाहेर वळवलं. गुलाबरावांची बायको शेवंताकाकू देवासमोर बसून पोटभर रडल्या आणि तोंड धुऊन बाहेर येऊन म्हणाल्या, "हवा बदलली ना, डोळ्यांतून पाणी येतंय." सून भक्तीनं सोळा सोमवार धरले आणि नवऱ्याला सांगितलं की बाबांनी विचारलं तर वजन कमी करायला धरलेत म्हणा. ज्याचा अल्सर होता तो एकटाच निवांत होता. फौजेच्या मेसमधलं जळजळीत जेवून जेवून झालाय, असं त्याचं निदान होतं, आणि तो रोज चार वेळा गुलाबी औषध पीत होता.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता तो. घरात हा शब्द फक्त स्वयंपाकघरात, कुकरच्या शिटीखाली बोलला जायचा.

अश्लेषाला भक्तीचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेतच होती. "अगं, ह्यांच्या नव्या गाडीची पूजा आहे रविवारी. जेवायलाच ये ना. अप्पांनाही घेऊन ये, प्लीज." आवाजात इतका पाक होता की अश्लेषा सावध झाली. याच भक्तीनं वास्तुशांतीला या चुलत नणंदेला बोलावलं होतं ते वाढायला हात कमी पडत होते म्हणून.

अश्लेषा घरातली एकमेव डॉक्टर, पण कामाची नाही. तिनं पेशंट तपासायचं शिक्षण घेतलं नव्हतं. ती संशोधन करून डॉक्टर झाली होती. निकमांना हा फरक समजला त्या दिवसापासून तिचा भाव उतरला. "म्हणजे ताप आला तर तू गोळी पण नाही लिहून देऊ शकत?" असं जयेशनं विचारलं होतं, आणि नाही म्हटल्यावर त्याला तिची फार कीव आली होती. गुलाबरावांनी तर तिला पदवीच दिली होती. पाहुण्यांपुढे हाक मारून ते ओळख करून द्यायचे, "ही आमची पुतणी. उंदरांची डॉक्टर." पाहुणे हसायचे, अश्लेषाही हसायची, आणि घरी जाऊन दोन दिवस तिला ते टोचत राहायचं.

दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी संस्थेत ती इतकी वर्षं करत काय होती, हे कुणी विचारलं नव्हतं. मेंदूतली गाठ आणि अन्ननलिकेतली गाठ, या दोन्हींची खोड एकच. किरणांनी भाजून काढलं तरी त्या गाठीतल्या पेशी आतल्या आत स्वतःची डागडुजी करून घेतात आणि पुन्हा वाढायला लागतात. अश्लेषाच्या गटानं एक औषध शोधलं होतं, त्यानं ही डागडुजीच बंद पडत होती. आधी ते मेंदूच्या गाठीवर चाललं. आता अन्ननलिकेच्या रुग्णांवर त्याची चाचणी सुरू झाली होती. पेपरात दोन इंच बातमी आली. ती बातमी जयेशनं वाचली, आणि उंदरांच्या डॉक्टरचा भाव एका सकाळीत कुठल्या कुठं गेला.

रविवारी ती जुनी मारुती काढून वडिलांना घेऊन निघाली. मारुतराव दिल्लीतल्या एका मंत्रालयातून रिटायर झालेले क्लार्क. साऱ्या नोकरीत त्यांनी कधी कुठल्या कागदावर स्वतःचं मत लिहिलं नव्हतं आणि घरातही ती सवय मोडली नव्हती.

"आज वाद घालू नकोस," हरियाणाची बॉर्डर ओलांडल्यावर ते म्हणाले.

"मी कशाला घालू?"

"नाही, तू खरं बोलतेस कधी कधी."

कधी कधी म्हणजे किती, हे तिचं तिला माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी, तपासणीचा निकाल आला त्या दिवशी, गुलाबरावांनी तिला व्हरांड्यात गाठलं होतं. तेव्हा थट्टा नव्हती. "उंदरांची का असेना, डॉक्टर आहेस," ते म्हणाले होते. "मला काय झालंय?" त्यांच्या खांद्यामागून जयेश हात जोडत होता. अश्लेषानं त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अल्सर, काका." तेवढ्यानं त्यांचा चेहरा उजळला होता. तो चेहरा तिला त्यानंतर नीट झोपू देत नव्हता. ती ज्या कामावर पगार घेत होती त्यात आकडा खोटा लिहिणाऱ्याला ती दारात उभं करत नसे, आणि इथं तिनं बापाच्या ठिकाणच्या माणसाला तोंडावर खोटं सांगितलं होतं.

कोठीच्या गेटवर गुलाबरावांच्याच सिक्युरिटी एजन्सीचा गार्ड होता. सुभेदार मेजर म्हणून रिटायर झाल्यावर गुलाबरावांनी चार रिकामे फौजी गोळा करून एजन्सी काढली, तेव्हा लोक हसले होते. मग परदेशी कंपन्या आल्या, काचेच्या इमारती आल्या, मानेसरला कारखाने आले, आणि प्रत्येकाला गेटवर एक मिशीवाला लागायला लागला. गुलाबराव मिशा पुरवत गेले. आता कोठीला संगमरवरी खांब होते आणि नळाला पाणी नव्हतं, ते टँकरनं यायचं. समोरच्या सेक्टरात अजून मोहरी उभी होती. जयेशची नवी सिएलो गाडी झेंडूचा हार घालून दारात उभी होती आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

गुलाबराव हॉलमध्ये मॅच बघत बसले होते. पाठमोरेच. अश्लेषानं बघितलं, शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान सैल झाली होती. तिला दोन पावलंही पुढं टाकू न देता भक्तीनं दंड धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथं जयेश, शेवंताकाकू आणि मागोमाग आलेले मारुतराव असे सगळे जमले. दार लावून घेतलं.

"देख अश्लेषा, सीधी बात करतो," जयेश म्हणाला. "ते तुझं नवीन इंजेक्शन. बाबांना पाहिजे."

"माझं नाही ते, दादा. संस्थेचं आहे."

"अगं, पण फ्रीजची चावी तर तुझ्याकडे असते ना?" भक्ती म्हणाली.

"वहिनी, ते आंब्याचं लोणचं नाही बरणीतून काढून द्यायला. चाचणी चालू आहे. निम्म्या पेशंटांना किरणं आणि नेहमीची औषधं देतात. निम्म्यांना त्याच्यावर आमचं नवं औषध. मग बघायचं, फरक पडतो का."

"ठीक. बाबांना त्या दुसऱ्या निम्म्यात टाक."

"ते आपण ठरवत नाही. चिठ्ठी निघते. कॉम्प्युटर काढतो."

"म्हणजे लॉटरी?" भक्तीनं विचारलं.

"तसंच समज."

लॉटरी म्हटल्याबरोबर स्वयंपाकघरातला ताण एकदम उतरला. भक्तीनं गॅस मोठा केला. जयेशनं खिशातला मोबाइल काढून ओट्यावर ठेवला. लॉटरी हा निकमांचा प्रांत होता. सरकारी फ्लॅटची सोडत निघाली तेव्हा मारुतरावांना पहिल्या मजल्यावरचा, बागेसमोरचा फ्लॅट आपसूक लागला नव्हता. गुलाबरावांनी कुणालातरी गाठून तो लावला होता. मारुतराव आजवर त्याला गणपतीची कृपा म्हणत आले होते.

"मी ऑलरेडी बोललोय," जयेश म्हणाला. "जॉइंट सेक्रेटरीसाहेबांच्या पीएशी. आपलाच गार्ड आहे त्यांच्या कोठीवर. उद्या तुमच्या डायरेक्टरला फोन जाईल. बस, तू फक्त नाव दे."

"डायरेक्टरला माहीत नसतं कुणाला काय मिळतंय ते."

"मग इलाज करणाऱ्या डॉक्टरला."

"त्यांनाही नाही. बाटल्या सारख्याच दिसतात. पेशंटलाही नाही. सगळं संपल्यावर उघडतात."

"अरे, मग माहीत कुणाला असतं?"

"कुणालाच नाही."

सगळ्यांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. इतकी वर्षं दिल्लीत राहून ही मुलगी असं बोलते! "असं नसतं गं," भक्ती समजुतीनं म्हणाली. "दिल्लीत असं काही असतं का, जे कुणालाच माहीत नसतं? तुला सांगत नसतील."

अश्लेषानं मग ते सांगितलं, जे सांगायला ती खरी आली होती. रुग्णांचं बघणारे डॉ. भालचंद्र तिच्या शब्दाखातर काकांना तपासायला तयार होते. काका चाचणीत बसत होते. अजून पातळ पदार्थ गिळता येत होते, दुसरा इलाज सुरू झालेला नव्हता. नवं औषध लागो वा न लागो, किरणं आणि नेहमीची औषधं तरी चांगली मिळणार होती, आणि ताबडतोब. उद्या सकाळी न्यायचं. तीन आठवडे गुलाबी औषधात घालवले होते, अजून घालवले तर पाणीसुद्धा उतरणार नाही, मग कुणाचा पीए काही करू शकणार नाही.

"वाह! मग अडलंय कुठं?" जयेश म्हणाला.

"काकांना सांगावं लागेल."

"काय?"

"कॅन्सर आहे हे. औषध नवीन आहे, चालेल की नाही ठाऊक नाही, कदाचित मिळणारही नाही, हे सगळं. त्यांना स्वतःला, समजेल असं. मग ते हो म्हणाले तरच. त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणाचं चालत नाही."

कुणीतरी ओरडेल असं अश्लेषाला वाटलं होतं, पण कुणी ओरडलं नाही. सगळे उतू जायला आलेल्या दुधाकडे बघत राहिले आणि ते उतू गेलं.

"ते खचतील गं," शेवंताकाकू म्हणाल्या. "ऐकूनच जातील. आमच्या गावात किसनरावांना सांगितलं, आठ दिवसांत गेले."

"बाबा टूट जाएंगे, यार," जयेश म्हणाला. "तू ओळखत नाहीस त्यांना."

ज्या माणसानं दोन लढाया पाहिल्या, मेलेले सोबती खांद्यावर वाहिले आणि नंतर त्यांच्या बायकांना जाऊन सांगितलं, तो माणूस एका शब्दानं तुटणार, याबद्दल घरात शंका नव्हती. ज्यांना तो शब्द उच्चारायची भीती वाटत होती ते बाकी सगळे धडधाकट होते.

"एक काम करू," भक्ती म्हणाली. "सही मी घेते. एजन्सीच्या कागदांत मिसळून. बाबा वाचत नाहीत, मी बोट ठेवीन तिथं करतात."

"हे व्यवहार्य आहे," मारुतराव म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात धाडसी वाक्य होतं.

"अप्पा!"

"नाही, म्हणजे, आपण एक पर्याय म्हणून."

"आणि रोज किरणांच्या यंत्राखाली झोपवतील तेव्हा काय सांगणार?"

"सिकाई!" जयेशनं चुटकी वाजवली. "सब यही बोलते हैं. अल्सरची सिकाई चालू आहे म्हणायचं. शेक. गुडघ्याला नाही देत? तसा पोटाला."

"मी नाही करणार हे, दादा. आणि डॉ. भालचंद्र विचारतील ना काकांना, काय समजलं म्हणून. ते काय सांगतील, शेक?"

जयेशचा चेहरा बदलला. आत्तापर्यंत तो बहिणीशी बोलत होता, आता एजन्सीच्या मालकासारखा बोलायला लागला. "मला माहितीये हे काय चाललंय. प्लॉटचा राग काढतेयस तू."

मारुतरावांनी घाईघाईनं छताकडे बघितलं. छत त्यांच्याच प्लॉटवर होतं.

"प्लॉटचा काय संबंध?"

"संबंध हाच, की आज तुझी गरज पडली. तर नियम दाखवतेस. नाहीतर तुला तरी पेशंट कुठं मिळतायत? बातमीत लिहिलं होतं, रुग्ण कमी पडतायत. तुझा कोटा भरायचाय, आणि भाव पण खायचाय."

हे तिला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. रुग्ण खरंच कमी पडत होते. पुढच्या महिन्यात संस्थेत बैठक होती आणि आकडा भरला नाही तर चाचणी गुंडाळायची भाषा सुरू झाली होती. काकांचं नाव मनात आलं तेव्हा सगळ्यात आधी काकांचंच बरं मनात आलं होतं का, याची तिला स्वतःला खात्री नव्हती. ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे पटलं, असा अर्थ सगळ्यांनी घेतला आणि भक्तीनं दार उघडून पानं घ्यायला सांगितली.

गुलाबराव टेबलाच्या टोकाला बसले. त्यांच्या पुढं ताट नव्हतं, स्टीलच्या पेल्यात तांदळाची पेज होती. बाकीच्यांच्या ताटांत मात्र पूजेचं साग्रसंगीत जेवण वाढलेलं होतं, कारण नुसतं वरणभात केलं असतं तर बाबांना संशय आला असता.

"आली का उंदरांची डॉक्टर?" आवाज घोगरा झाला होता, पण ऐट तीच. "उंदीर बरे आहेत?"

"बरेच जण बरे झाले, काका."

"शाबास. आमचाही नंबर लाव कधीतरी." ते हसले आणि खोकला लागून थांबले. शेवंताकाकू अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. सगळे गुलाबरावांच्या गळ्याकडे बघत होते. त्यांनी मान वर केली तसे सगळे ताटात बघायला लागले.

जयेशनं संधी साधली. "बाबा, त्याच्यावरूनच आठवलं. अश्लेषाच्या तिकडं अल्सरची एक नवी मशीन आलीय. सिकाई करतात. थोडे दिवस जायचं, बस. अगदी मामुली. उद्यापासूनच."

"हो?" गुलाबराव अश्लेषाकडे वळले. "आणि तिथं तू असतेस?"

टेबलाखाली मारुतरावांनी तिचा पाय दाबला. समोरून भक्ती डोळ्यांनी विनवत होती. एक 'हो' म्हटलं असतं तर उद्या काका हॉस्पिटलात पोचले असते, तेही खरं होतं. पुढचं पुढं बघता आलं असतं. तिला व्हरांड्यातला तो उजळलेला चेहरा आठवला, आणि तो आत्ता पुन्हा तसाच उजळायच्या बेतात होता.

"नाही काका," ती म्हणाली. "तशी मशीन नसते. तुम्हाला अल्सर नाही."

टेबलाखाली मारुतरावांनी आपला पाय मागे घेतला.

"अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. उपाय आहे त्याच्यावर, पण उद्याच सुरू करायला हवा. आणि मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. माफ करा मला."

हॉलमध्ये कुणीतरी चौकार मारला. टीव्हीतले लोक ओरडले. गुलाबराव रागावले नाहीत, हबकलेही नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले, एखादा जवान उशिरा येऊन बस पंक्चर झाली म्हणून सांगतो तेव्हा बघायचे तसे.

"तेव्हा खोटं बोललीस," ते म्हणाले. "आज खरं बोलतेस. उद्या काय बोलशील?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"तुझ्याकडं काहीतरी प्रयोग चाललाय म्हणे. जयेश पेपर वाचत होता. माणसं मिळत नाहीत प्रयोगाला." त्यांनी पेला बाजूला सारला. "उंदीर कमी पडले काय गं, म्हणून चुलत्याकडं आलीस?"

आणि इथं निकमांचं एकमत पुन्हा झालं. ज्या औषधासाठी तिला गोड बोलून बोलावलं होतं, ते औषध, तो नंबर, तो पीए, सगळं एका क्षणात विसरून सगळे अल्सरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. बाबा रागावले नव्हते, बाबांचा विश्वास होता, एवढं त्यांना पुरे होतं.

"अरे नाही हो बाबा," भक्ती हसून म्हणाली. "अश्लेषाला दिवसरात्र तेच दिसतं. तिच्या तर डोक्यातच कॅन्सर बसलाय."

"हद्द करतेस तू, यार," जयेश तिच्यावर खेकसला. "जेवताना असं बोलतात?"

"एकेकानं सांगा," गुलाबराव म्हणाले. आवाज परेडवरचा लागला. "भक्ती. काय आहे मला?"

"अल्सर, बाबा."

"जयेश?"

"अल्सर. बिल्कुल अल्सर."

"मारुती?"

मारुतरावांनी मुलीकडे पाहिलं. मग मोठ्या भावाकडे पाहिलं. मग मीठ घेतलं. "अल्सरच, दादा. मी रिपोर्ट बघितलाय." त्यांनी रिपोर्ट बघितला नव्हता. खोटं बोलतानासुद्धा कागदाचा आधार घ्यायची सवय होती त्यांना.

अश्लेषाला रडू आलं ते वडिलांचं ऐकून. पण त्याहून मोठी गोष्ट तिला समोर दिसत होती. हा माणूस आता उद्या येणार नाही. परवाही नाही. चौघं मिळून त्याला प्रेमानं गुलाबी औषध पाजत राहतील आणि एक दिवस तेही उतरणार नाही. आणि याची सुरुवात तिनं स्वतः, एका शब्दानं करून दिली होती.

"शेवंता?"

शेवंताकाकूंनी नुसती मान डोलावली.

"झालं तर," गुलाबराव खुशीत येऊन म्हणाले. "अल्सर. आणि अल्सरला इतके दिवस औषध चाललंय म्हणजे तो निम्मा बरा झालाच असणार. मग मी ही पेज का पितोय? बाळंतीण आहे का मी?" त्यांनी पेला आणखी लांब ढकलला. "ताट आण गं मला. पुरी वाढ."

"बाबा, पुरी तेलकट," जयेश म्हणाला.

"आजच्या दिवस पेजच," भक्ती म्हणाली.

"अल्सरला एक पुरी चालते. डॉक्टरच म्हणाले होते, थोडं थोडं खायला लागा." असं कुठलाही डॉक्टर म्हणाला नव्हता. "शेवंता, वाढ."

शेवंताकाकू उठल्या. त्यांनी कपाटातून ताट आणून नवऱ्यापुढं ठेवलं, पाणी फिरवून पुसलं. डब्याचं झाकण काढलं आणि वरची पुरी उचलली. आणि ती पुरी घेऊन त्यांचा हात ताटाच्या वर आला आणि थांबला.

मागच्या आठवड्यात गुलाबरावांनी चोरून पोळीचा तुकडा खाल्ला होता. तो अडकला. बाथरूममध्ये ते भिंतीला धरून उभे होते, डोळे पांढरे व्हायला आले होते, आणि काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तुकडा बाहेर येईपर्यंत. हे त्यांनी जयेशलाही सांगितलं नव्हतं. अल्सरला हो म्हणायला नुसती मान लागत होती, ती त्यांनी डोलावली होती. वाढायला हात लागत होता, आणि तो खाली येईना.

"वाढ की," गुलाबराव म्हणाले.

लग्न होऊन आल्या दिवसापासून नवऱ्यानं मागितलं आणि काकूंनी वाढलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. तांदूळ संपले तेव्हा स्वतः उपाशी राहून वाढलं होतं. त्यांनी एकदा जयेशकडे पाहिलं. मग पुरी पुन्हा डब्यात ठेवली, डब्याला झाकण लावलं आणि डबा छातीशी धरून उभ्या राहिल्या.

गुलाबराव त्या डब्याकडे बघत राहिले. मग बायकोच्या तोंडाकडे. त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. भक्ती ताटातली कोशिंबीर एका बाजूला गोळा करत होती. मारुतराव चष्मा पुसत होते. जयेशनं मोबाइल हातात घेतला होता आणि त्याला रेंज नव्हती.

"अहो," काकू कशाबशा म्हणाल्या, "पोरीचं ऐका."

जयेश खुर्ची मागे सारून उठला. "बाबा, ऐका ना, आई जरा इमोशनल झालीय, तसं काही..."

"तू खाली बस," गुलाबराव म्हणाले. "अन् तुझा अल्सर तुझ्यापाशी ठेव."

त्यांनी पेजेचा पेला स्वतःच पुन्हा जवळ ओढला, एक घोट घेतला, आणि तो उतरेपर्यंत डोळे मिटून बसले. मग त्यांनी शेजारची खुर्ची पायानं बाहेर ढकलली आणि पुतणीकडे पाहून खुर्चीवर हात आपटला.

"इथं बस, अश्लेषा. पहिल्यापासून सांग. आणि जपून बोलू नकोस."